निळ्या झेंड्यावरची सही

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाल्यानंतरचं चौथं साल, २००३. अड्याळच्या थांब्यावर चंद्रकांता, आजवर सगळीकडे आंगठाच देत आलेली, पवनीच्या बसच्या रांगेत होती. तिच्यापुढे बायजाबाई, जमिनीच्या सत्याग्रहात जेलात गेलेली. सुगत मास्तरानं तिच्यापुढे निळा झेंडा धरला होता, चळवळीतल्या पुढाऱ्यांच्या सह्यांनी भरलेला.

“आजी, तुमचीच राहिली. हे शाईचं पॅड आणलं. आंगठा द्या.”

“काहून? आंगठा जेलात देल्ला मी. पेन आन.”

“लिहिता येते तुमाले?”

“नातीच्या पाटीवर शिकली. दोन साल झाले.”

“ओ मावशी, बस सोडून राहिलो मी!” कंडक्टर ओरडला.

“जेलात सहा हप्ते थांबली मी. तू दोन मिन्टं थांब ना बाबू.”

“झालं काय?” कंडक्टरनं दारातून विचारलं.

“बायजा झालं. झेंडा हालून राहिला, धर तिकडून.”

कंडक्टर उतरला, त्यानं टोक धरलं.

“आडनाव बी लिहू काय?”

“लिवा मावशी, पुरं लिवा! बस माही आहे.”

बायजाबाई आठ वर्षांनी गेली. झेंडा सुगतच्या घरी बैठकीत काचेत आहे. पॅड त्यानं पुन्हा कोणापुढे काढलं नाही. कंडक्टर निवृत्त झाला. चंद्रकांतानं मात्र त्या सहीच्याच हप्त्यात पाटी घेतली होती, आणि पुढच्या निवडणुकीत सही करून मत दिलं.