छत्तीस खोल्या आणि काहीतरी छान

...नाही, पण मला सांगा, ‘काहीतरी छान लावा’ हे काय सांगणं झालं? शिंप्याकडे जाऊन आपण ‘काहीतरी शिवा’ म्हणतो का? हलवायाला ‘काहीतरी गोड द्या’ म्हणालात तर तो दहा वेळा विचारेल, बर्फी देऊ की जिलेबी... पण भिंतीची गोष्ट निघाली की माणूस एकदम उदार होतो. नुसतं काहीतरी छान. आणि हे सांगितलं कोणाला, तर मुख्तारभाईंना. जळगावचे फ्रेमवाले, पस्तीस वर्षांचं दुकान, वय साठीला टेकलेलं, आणि हात असा की चौकटीच्या कोपऱ्यात नख शिरणार नाही. पण तुम्हाला सांगतो, या माणसानं आयुष्यात एक चित्र स्वतः निवडलेलं नव्हतं. लोक आणणार, हे पट्टी आणि काच लावणार. कोणाचा देव, कोणाची पदवी, कोणाचे आजोबा... आता आजोबांमध्ये निवडायचं काय?

तर मार्चमध्ये धुळ्याहून धनसिंगभाऊंचा फोन आला. धनसिंगभाऊ म्हणजे जिनिंगवाले, वडिलांपासून कापसाचा धंदा, आता हायवेला हॉटेल बांधलेलं. छत्तीस खोल्या, आणि खाली त्यांचं स्वतःचं ऑफिस. ‘मुख्तारभाई, आखाजीला उद्घाटन आहे, भिंती मोकळ्या पडल्यात. काहीतरी छान लावा.’ मुख्तारभाई म्हणाले, ‘भाऊ, चित्रं कोणती?’ तर म्हणे, ‘ते तुम्ही बघा, तुमचाच धंदा आहे.’ आणि फोन ठेवला. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. आता धंदा फ्रेमचा, चित्राचा नाही, हे सांगायचं राहूनच गेलं ना.

मुख्तारभाईंनी मुंबईच्या एका छपाईवाल्याकडून चित्रांचे कॅटलॉग मागवले, तीन जाडजूड, आणि ते घेऊन एसटीनं धुळ्याला गेले. ऑफिसात धनसिंगभाऊ, त्यांचे ऐंशी वर्षांचे चुलते नाना, आणि मॅनेजर मगन. हा मगन दोन वर्षं सुरतेच्या एका हॉटेलात होता, त्यामुळे त्याला जगातलं सगळं माहीत. मुख्तारभाईंनी पहिलं पान उघडलं. बर्फाचे डोंगर. धनसिंगभाऊ म्हणाले, ‘धुळ्याला मे महिन्यात बर्फ? गिऱ्हाईक एसीवाल्याला शिव्या देईल.’ दुसरं पान, धबधबा. नाना काठी टेकून पुढे झाले. ‘हाई पानी खाले पडस,’ म्हणाले, ‘बठ्ठं वाही जाई.’ सगळं वाहून जाणार म्हणे. झालं, धबधबा गेला. मग सात घोडे आले, तर घोडे दाराकडे तोंड करून पळतायत, म्हणजे लक्ष्मी बाहेर. मग आली होडी. होडीत माणूस नाही, मग माणूस गेला कुठे? तेही नको. तेवढ्यात मगन पुढे सरकला, म्हणाला, ‘साहेब, मोठ्या हॉटेलांत अॅबस्ट्रॅक्ट असतं,’ आणि त्यानं एक पान काढून दाखवलं, लाल-निळे फराटे. नानांनी चष्मा वर-खाली केला. ‘हाई काय शे?’ मगन म्हणाला, ‘नाना, हे फीलिंग आहे.’ नाना म्हणाले, ‘कोनी?’

आता फीलिंग कोणाचं, तुम्हीच सांगा. मगननं पान उलटलं. तीन तास बसले, चार वेळा चहा झाला, तिन्ही कॅटलॉग संपले, आणि शेवटी धनसिंगभाऊ जांभई देत काय म्हणाले? ‘जाऊ द्या मुख्तारभाई, तुम्हीच काहीतरी छान लावा.’

मुख्तारभाई घरी आले ते तोंड पाडूनच. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसले, पण घास तोंडात फिरतोय नुसता. तेव्हा त्यांच्या बायकोनं, रईसाबींनी, विचारलं... आता त्या घरात उर्दूत बोलल्या, मी आपलं मराठीत सांगतो... ‘अहो, पस्तीस वर्षं चित्रं हातातून गेली. त्यातलं तुम्हाला स्वतःला आवडलं असं एक तरी होतं का?’

मुख्तारभाईंनी ताट बाजूला सारलं. खरं सांगू का, हे त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आणि लगेच आठवलंही. सहा वर्षांपूर्वी अमळनेरहून एक बाई जलरंगाचं चित्र घेऊन आल्या होत्या. बंद पडलेल्या तेलाच्या मिलचं आवार, दुपारची वेळ, भिंतीला टेकवलेली एक सायकल, बस्स. दोन तासांचं काम, पण मुख्तारभाईंनी आठ दिवस लावले. बाई दोनदा येऊन परत गेल्या, आणि हे प्रत्येक वेळी ‘पट्टी आली नाही’ म्हणून खोटं बोलले. पट्टी केव्हाच आली होती हो... चित्र समोर राहावंसं वाटत होतं, एवढंच.

तर दुसऱ्या सकाळी गाडी धरून मुख्तारभाई अमळनेरला. त्या बाईंचं नाव लिलाबाई सोनवणे, शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त, एकट्याच राहतात. मुख्तारभाईंनी हॉटेलचं सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘हॉटेलात लोक झोपायला येतात, मुख्तारभाई.’ हे ओशाळले. तर बाई म्हणाल्या, ‘म्हणजे माझी हरकत नाही. माझ्या तासाला मुलंही झोपायचीच. मला सवय आहे.’

आणि त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. तुम्हाला सांगतो, एकशे चाळीस चित्रं. रविवारच्या सुट्टीत काढलेली, डांबराच्या गोळ्या घालून नीट ठेवलेली. केळीच्या बागेत सोडलेलं पाणी, तापीचा काठ, डाळमिलसमोर वाळत घातलेली डाळ, लळिंगचा किल्ला एसटीच्या खिडकीतून दिसतो तेवढाच, जामनेरच्या बाजारातल्या मिरच्यांचे ढीग. दोघांनी फरशीवर मांडली. पाय ठेवायला जागा नाही. बाई पलंगावर चढून बसल्या आणि तिथूनच बोट दाखवतायत, ‘ते घ्या, ते नको, त्यातला बैल माझा नीट बसला नाही.’ मुख्तारभाई आधी घाबरत होते, मग धीर आला, मग चक्क वाद घालायला लागले. ‘बाई, मिरच्या झोपायच्या खोलीत नको, ठसका लागेल.’ ‘मग जेवायच्या हॉलमध्ये लावा.’ ‘ही उन्हाची चित्रं वरच्या मजल्यावर नको, तिथे आधीच स्लॅब तापतो.’ संध्याकाळपर्यंत अडतीस निवडली, छत्तीस खोल्यांची, एक जेवायच्या हॉलचं आणि एक भाऊंच्या ऑफिसचं, जिनिंगच्या आवारातल्या कापसाचं. गाडीत बसल्यावर मुख्तारभाईंच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे. दोन दिवसांनी.

मूळ चित्रं बाईंकडेच राहायची, भिंतीवर जाणार त्यांच्या छापील प्रती, हे ठरलं होतं. नाशिकला छापायला दिली. पहिले नमुने आले आणि बाईंनी सगळे परत पाठवले. चिठ्ठी लिहिली, ‘आपली जमीन काळी आहे, निळी नाही.’ छपाईवाला म्हणाला, कॉम्प्युटरवर काळीच दिसते. बाईंनी शेतातली मूठभर माती पुडीत बांधून कुरियरनं पाठवली. मग दिसली बरोबर.

पण अजून धनसिंगभाऊंचा होकार कुठे होता? आखाजीला बारा दिवस उरले असताना मुख्तारभाई छापलेल्या प्रती गुंडाळून धुळ्याला गेले, आणि टेबलावर पहिली उलगडली ती केळीची बाग. धनसिंगभाऊ बघत राहिले, म्हणाले, ‘मुख्तारभाई, केळी तर खिडकीतून दिसते.’ मगन म्हणाला, ‘मोठ्या हॉटेलांत...’ बाईंना काय सांगायचं? कपाट बंद करा म्हणून? पण मुख्तारभाईंना चित्राबद्दल बोलता कुठे येतं, जे येतं ते त्यांनी सांगितलं, ‘भाऊ, कागद बघा. साधा नाही. कापसाचा आहे. शंभर वर्षं पिवळा पडत नाही.’

‘कापसाचा?’

आणि धनसिंगभाऊंनी त्या कागदाची कड दोन बोटांत धरली. जिनिंगवाला माणूस, सरकी काढलेली रुई हातात घेऊन जसा धागा बघतो ना, तशी बोटं फिरवली. मग नानांकडे सरकवली. नानांनी डोळे मिटून अंगठ्यानं चोळली. ‘कापूस चांगला शे,’ म्हणाले. मग डोळे उघडून चित्र पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, ‘बागबी चांगली शे. पानी येळवर देल शे.’

झालं. अडतीसच्या अडतीस लागली. आखाजीला उद्घाटन झालं, लिलाबाई नवं लुगडं नेसून आल्या, प्रत्येक खोलीत जाऊन चित्र सरळ आहे का ते पाहिलं, दोन सरळ केली. धनसिंगभाऊ पाहुण्यांना सांगत होते, ‘छान आहे ना काहीतरी?’ मुख्तारभाई कोपऱ्यात उभे राहून तिसरं आईस्क्रीम खात होते. इतका समाधानी माणूस मी पाहिला नाही.

पुढे पोळ्याच्या आसपास धनसिंगभाऊंचा फोन. ‘मुख्तारभाई, दोनशे सातमधलं चित्र गिऱ्हाइकानं नेलं.’ ‘नेलं म्हणजे?’ ‘चोरलं. मगननं बघितलं तर नुसता खिळा. त्रेचाळीस इंचाचा टीव्ही तसाच ठेवला, टॉवेल घडी करून ठेवले, चित्र नेलं.’ बोलण्यात राग होता, पण तुम्हाला सांगतो, थोडा तोराही होता. ‘प्रत दुसरी काढा, आणि आता खिळा नको, सगळी चित्रं भिंतीला स्क्रूनं आवळून टाका.’

आता बाईंना कोण सांगणार? मुख्तारभाईंनी दोन दिवस टाळलं, मग फोन केला. बाईंनी हळूच विचारलं, ‘कोणतं?’

‘केळीतल्या पाण्याचं.’

‘ते? त्यात उजव्या कोपऱ्यात माझं जरा बिघडलंय.’ मग स्वतःच विचारलं, ‘तरी नेलं?’

‘तरी नेलं, बाई. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मी सगळ्यांना स्क्रू मारणार आहे.’

‘मुख्तारभाई,’ बाई म्हणाल्या, ‘माझ्या भाच्याला, समाधानला, घरभरणीला चित्र दिलं होतं. फुकट. जागा नाही म्हणाला. इथे कोणीतरी पोलिसाची भीती न बाळगता...’ मग वाक्य तसंच सोडून म्हणाल्या, ‘ते स्क्रू... फार आवळू नका.’

तर मुख्तारभाई आता काय करतात? पेचकस घेऊन धुळ्याला गेले, दिवसभर छत्तीस खोल्या फिरले, प्रत्येक फ्रेमला दोन स्क्रू मारले आणि दोन्ही अर्ध्यावर सोडले. मग खाली येऊन भाऊंना सांगितलं, ‘पक्की झाली.’ बाहेर येऊन बाईंना फोन केला, ‘सैल ठेवलीत.’ आणि एसटीत बसले... भिंत एक, गिऱ्हाइकं दोन, माणसानं ऐकायचं तरी कोणाचं?