पुढं डिंपल, मांगं अतुल

तुमसरच्या बसस्टँडवर भंडारा गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर आंबागडचे दोघं बोलत होते, एक म्हातारा आणि एक तरुण.

"काय गा अतुल, बायको पोलिसात लागली म्हणे. पेढे नाही दिले तू."

"तिनंच वाटले ना काका, साऱ्या गावात."

"भरतीची तयारी तं तू करत होता."

"मीच करत होतो. तलावाच्या पारीवर रोज पुढं मी पळो, मांगं डिंपल. मले सोबत पाहिजे होती म्हणून नेलं तिले."

"मंग?"

"बायांले सोपं असते. उंची कमी चालते. आमाले सोळाशे मीटर पळा लागते, त्यायले आठशेच."

"पण तू तं आठशेवरच बसला म्हणे."

"पायात गोळा आला होता."

"आता काम काय करते ते?"

"काय राहते काम? चौकात उभं राहाचं. मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच असला का बंदोबस्त कराचा. हात वर केला का झालं, त्याले काय अक्कल लागते?"

"लोक थांबतात पण?"

"थांबतात. परवा रेतीचे ट्रक बी थांबले."

"अन तू?"

"मी बी थांबलो."

"औंदा पुन्हा भरती हाय म्हणतात."

"हाय. डिंपल म्हणते, आता मी पुढं राहीन, तुमी मांगं या."

"मंग जातस का पळाले?"

"जातो. पण अंधार असते तवरच."