पतंग्यांनी काशीत सोडलेली भाजी

मंडळी, ऐका. आज पहिला प्रश्न तुम्हालाच. त्याग कशाला म्हणायचं? पुढच्या रांगेतले काका लगेच मान डोलवायला लागले. काका, थांबा, प्रश्न अजून पुरा व्हायचाय! सोडलं, पण सोडताना अंगाला काही तोशीसच लागली नाही, तर त्याला त्याग म्हणायचं का?

आमच्या गावात बाबूराव पतंगे म्हणून शिंपी. हात असा की नवरदेवाचा कोट एकदा मापला की पुन्हा बघायला नको. पण दिवसभर मशीनवर बूड. पाणी प्यायचं नाही, का? तर उठावं लागतं! सकाळी चहा-खारी, दुपारी बटाट्याची भाजी, संध्याकाळी परत चहा-खारी. गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरायचे. त्या दिवशी साबुदाणा. पोट चार-चार दिवस साफ नाही. हसू नका, निम्म्या मंडपाची हीच कथा आहे.

साठी झाली तसे बाबूराव बायकोला, गिरिजाकाकूंना घेऊन यात्रेच्या बसनं काशीला गेले. काशीला गेलं की एक भाजी, एक फळ सोडून यायचं, ही आपली रीत. घाटावर भटजींनी विचारलं, "काय सोडता?"

काकू म्हणाल्या, "भाजीत भरली वांगी, फळात आंबा." आणि पदर डोळ्याला लावला. आंब्याच्या दिवसांत ही बाई जेवायची नाही, आंबाच खायची.

बाबूराव म्हणाले, "मी पालेभाज्या सोडतो. सगळ्या! आणि फळात पपई." बसमधली माणसं थक्क. केवढा नेम!

दोन वर्षं गेली. एक दिवस पोटात डावीकडे खाली अशी कळ उठली की माणूस मशीनवरच आडवा. ताप, थंडी. दवाखान्यात नेलं. डॉक्टर मुजावरबाईंनी फोटो काढून सांगितलं, "मोठ्या आतड्याला बारीक बारीक पिशव्या आल्यात. त्यातली एक सुजलीय." औषधं झाली, नुसत्या पेजेवर दिवस काढले. सूज उतरली.

घरी सोडताना बाई म्हणाल्या, "पिशव्या जाणार नाहीत. त्यांना सांभाळून राहायचं. आता हळूहळू चोथा वाढवा. एकदम नाही, नाहीतर पोट फुगेल. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, पपई. भरपूर पाणी. आणि मशीनवरून उठून चाला."

"भाकरी खाईन. पण भाजी, पपई काशीला सोडलीय."

"पुन्हा सूज आली आणि पिशवी फुटली, तर पोट उघडावं लागेल, बाबूराव."

"मेलो तरी चालेल, गंगेला दिलेला शब्द मोडणार नाही."

घरी आले. काकूंनी मुगाची खिचडी वाढली, शेजारी चमचाभर मेथी. बाबूरावांनी मेथी बोटानं ताटाच्या कडेला सारली. काकू बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? चाळीस वर्षं मेथी अशीच कडेला लागतेय. काशीला जायच्या आधीपासून. मग तिथं सोडलंत काय?"

बाबूराव कडेच्या मेथीकडे बघायला लागले.

"मी आंबा सोडला, तेव्हा मला रडू आलं. तुम्हाला आलं होतं?" एवढं बोलून काकूंनी ती मेथी परत ताटाच्या मधे सारली. "तुम्हाला काही झालं तर मी काय करू, हो?"

बाबूरावांचा घास हातातच राहिला. मंडळी, त्या माणसाला लाज वाटली. खरी लाज. सकाळी आंघोळ करून आपल्या नदीच्या घाटावर गेला, हातात खारीचा पुडा. पाण्याला हात जोडले. "माई, मी तुला माझ्या ताटातलं टाकलेलं वाढलं. ते परत घेतो. आता आवडीचं देतो." आणि पुडा तिथल्या कुत्र्यांना घातला. नदीत नाही टाकला, एवढं लक्षात ठेवा!

त्याला सहा वर्षं झाली. अधूनमधून पोट कुरकुरतं, मग दोन दिवस पेज. पण पोट उघडायची वेळ आली नाही. मशीनपाशी तांब्या असतो. मेथी खाताना तोंड अजून वाकडंच होतं, पण ताटाची कड स्वच्छ.

एकदा काकूंना म्हणाले, "मी माझा नेम बदलला. तूही आंबा परत घे."

काकू म्हणाल्या, "मी खरंच दिलाय. दिलेलं परत कसं घेऊ?"

आता तुमच्याकडे येतो. काशीला जाऊन आलेल्यांनी हात वर करा. काय सोडलंत? कारलं? दोडका? मागनं कोण म्हणालं, शेपू?

मला हसता येत नाही, मंडळी. मीही जाऊन आलोय. मी पडवळ सोडलं. लहानपणापासून मला पडवळ बघवत नाही. हे आख्यान मी वर्षभर सांगतोय आणि घरी जाऊन साबुदाणा वडा खातोय. आज तुमच्यासमोर तो वडा सोडतो. उद्या माझ्या ताटात पडवळ असेल. तुम्ही आज जेवून उठाल, तेव्हा आपल्या ताटाच्या कडेला एकदा बघा.

चला, टाळ घ्या. आणि प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही. आज शिरा नाही, मटकीची उसळ आहे.