कॉन्सलसाहेबांची काठी आणि माझे छप्पर

आदरणीय अध्यक्ष कॅप्टन थॅक्स्टर, व्यासपीठावरचे न्यायमूर्ती हॅस्केल, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते माझे शेजारी जोथम मेरो, सौ. अबिगेलबाई, आणि मागच्या खोलीतल्या कालवणाच्या वासाने चुळबुळणाऱ्या बंधुभगिनींनो,

अंगावरचा हा कोट मला सतरा डॉलरला पडला. सोनेरी बटणांचे चार वेगळे. शिवाय अकरा वर्षांची झोप. कोट कशासाठी, ते तुम्ही जाणताच. दोन महिने मी धक्क्यावर सांगत फिरतोय : जोथमनंतर कॉन्सल मीच, त्याच्या काठीवर पुढचा झेंडा हा एफ्रेम टोलमन चढवणार, आणि मग बघतो इथल्या कोर्टात माझ्यावर कोण दावा लावतो ते!

जोथम मासे खारवायचा, मी शिडे शिवायचो. अकरा वर्षांपूर्वी एका दूरच्या राजाला आपल्या बंदरात कॉन्सल, म्हणजे त्याचा वाणिज्यदूत, हवा होता; त्याने जोथमला निवडले. का? त्याची गलबते जोथमचे मासे नेत. त्याच गलबतांची फाटकी शिडे कोण शिवत होते, हे राजाला कुणी सांगितलेच नाही.

मी जळलो. भरसभेत खोटे कशाला बोलू? वार्षिक जेवणाला हा अध्यक्षांच्या उजव्या हाताला, आणि मी दाराशी, जिथे कालवण निवून पोचते.

मग मार्चच्या वादळात त्याच्या झेंड्याची काठी माझ्या छपरावर कोसळली. मी इथल्याच, राज्याच्या कोर्टात गेलो. बारा ज्युरींनी बारा मिनिटांत माझ्या बाजूने कौल दिला. मी टोपी उडवली. तेवढ्यात हे आपले न्यायमूर्ती चष्मा पुसत म्हणाले, "टोलमन, अर्जात तुम्ही 'राजमान्य कॉन्सल महामहिम मेरो' असे लिहिलेय."

"साहेब, तो टोमणा होता."

"पण तो कॉन्सल आहे ना?"

"आहे की! तेच तर दुखणं आहे."

"मग हा खटला मला ऐकताच येत नाही. परक्या देशाच्या कॉन्सलवरचा दावा फक्त केंद्राच्या कोर्टात. पोर्टलंडला जा."

जोथम उठला. "साहेब, मी हरलो ते मला मान्य आहे. कॉन्सल म्हणून मिळणारी ती सूट मी सोडतो."

"ती तुमची नाही, मेरो. पदाची आहे. तुम्ही कोण सोडणार?"

जिंकलेला खटला मी माझ्याच टोमण्याने घालवला! असा फिर्यादी तुम्ही पाहिलात का कधी?

दुसऱ्या सकाळी छपरावर ठोकाठोक. बघतो तर वर जोथम.

"उतर खाली! मी पोर्टलंडला जाणार आहे!"

त्याने तोंडातले खिळे हातात घेतले. "जा की, एफ्रा. कोर्टाला अधिकार नाही, पण माझ्याकडे शिडी आहे. जायच्या आधी तेवढी फळी दे."

फळी दिली. खिळेही तो माझ्यापेक्षा सरळ ठोकतो, तेही सलले. ते छप्पर आजवर गळलेले नाही.

जोथम, मुलीकडे सुखाने राहा. अबिगेलबाई, त्याला तिथे तरी कुणाच्या उजव्या हाताला बसू देऊ नका. आपण सर्वांनी कालवण निवत ठेवून माझे ऐकलेत, त्याबद्दल आभार; बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर पोटात घाला.

आणि हो, राजाचे पत्र आज सकाळी आले. आपल्या बंदरातली कॉन्सलची जागा त्यांनी बंद केली आहे.