जवाईबुवांचा गेम आन् बांगडीवाली सासू

अवो, धोंड्याच्या महिन्यात माहे जवाई आले होते, तवाची गोष्ट सांगते. अनारसे खाल्ले, वाण घेतलं आन् म्हणतात कसे, "मामी, उद्या सकाळच्या एसटीनं निघतो. सुमनलेही नेतो."

लेक वर्षानं माहेरी आली होती, आन् हे दोन दिसात नेऊन राह्यले!

त्याइच्या हातात लहानपणचा बटनाचा गेम होता. वरून रंगीत ठोकळे पडतात, एका रंगाचे तीन जुळले की गायब होतात, ढीग वर टेकला की खेळ खलास.

मी म्हटलं, "याच्यात मी जितली तं सुमन आठ दिवस राहीन."

ते हसले. "मामी, हे चौथी शिकलेल्या बाईचं काम नाही."

"मंग भेता काऊन?"

आधी ते खेळले. अठ्ठावीसशे पॉइंट झाले. मंग मी घेतला. पहिलेच बटन उलटं दाबलं, ढीग अर्ध्यावर आला. जवाई सुमनले म्हणे, "बॅग भर."

तिथंच माहं टाळकं सरकलं. अवो, लोणारच्या बाजारात वीस वर्षं झाले मी बांगड्या विकून राह्यली. पेटी सांडली तं गिऱ्हाईक उभं असतानी हिरव्यात हिरवी, लालात लाल लावाची सवय आहे या हाताले. ठोकळा खाली येयाच्या आधीच मले त्याची जागा दिसे. तीन हजार झाले, तरी मी थांबली नाही.

जवाई हळूच म्हणे, "मामी, अजून एक डाव?"

म्हटलं, "खेळू ना बाप्पा! आठ दिसांनी सुमनले न्याले याल, तवा. आन् तवाबी हरले, तं आणखी आठ दिस."