कडक स्प्रिंगा

डिलाईल रोडच्या बसस्टॉपवर सुलभाताईंच्या पुढे दोघे भाऊ उभे होते. धाकट्याच्या हातात तेलकट पिशवी होती आणि त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"काय आणलंस, बघू."

"वॉल्व्हच्या स्प्रिंगा, दादा. कडकवाल्या."

"जुन्यांना काय धाड भरलीय?"

"इंजिन जास्त फिरलं की वॉल्व्ह वेळेत बंद होत नाहीत रे."

"आपला ट्रक एवढा पळतोच कुठे? वर्षभर गोदीतून गोदामात. विसर्जनाला गणपती घेऊन पहिल्या गिअरमध्ये, पुढे पोरं नाचतायत."

"असू दे ना. घाट उतरताना लागतात."

"लालबाग ते चौपाटी घाट कुठे आला?"

"बस येतेय का बघ ना."

"बस गेली खड्ड्यात. विन्या, कुठला घाट?"

"कसारा. नाशिकला काम मिळालंय, दादा. ट्रकसकट. सोमवारी निघतोय."

"आणि गणपती?"

"मंडळ बघेल ना दुसरी गाडी."

"मंडळाला सांगितलंस?"

"तुलाच आत्ता सांगितलं."

बस आली. दोघांतलं कोणी हललं नाही. सुलभाताईही चढायच्या राहिल्या.

"आण ती पिशवी इकडे."

"दादा, दुकानात परत नको ना करूस. प्लीज."

"ह्यात वॉल्व्ह दाबणारे रॉकर कुठायत? झिजलेल्या रॉकरवर कडक स्प्रिंगा चढवून कसारा उतरणार तू? चल मागे, दुकान बंद करेल तो."