मामंजींनी विणलेली बाज

अगं, आमच्या मामंजींचं सांगते. आयुष्य मागावर गेलेलं. गिरणीचा संप लांबला, तेव्हा त्यांनी गॅलरीतली सैल पडलेली बाज उसवली, नवार सोड्याने धुऊन वाळवली आणि पुन्हा घट्ट विणली. मी म्हटलं, "माझं बाळ नाही हं मी ह्यावर निजवायची!"

त्यांनी लगेच चाळीतल्या सगळ्यात जाड शेवंतामावशींना हाक मारली, "शेवंते, बस गो जरा."

मावशी बसल्या आणि काडकन बाजेचा पाय मोडला.

"मेल्या, उठव आधी मला!" मावशी ओरडत होत्या, आणि मामंजी वाकून नवारीवर हात फिरवत होते.

"सूनबाई, पाय सुताराचा मोडला. माझी एक पट्टी सरकली नाही."

दुपारी पायाच्या जागी विटा लावल्या आणि बाळाला मीच निजवलं.